मंगळवारी येणारे फोटो

३ मार्च, मंगळवार

ह्यांच्या कपाटातून शाळेचं एक जुनं हजेरीपुस्तक निघालं. दोन पानं भरलेली, बाकी कोरं. हे शाळेत कारकून होते, घरी असलं काहीतरी शिल्लक पडायचंच. रद्दीत टाकायला काढलं आणि टाकवेना, म्हणून लिहायला बसले. मी आठवीपर्यंत शिकलेली. पुढचं सगळं वाचन लग्नानंतरचं, ह्यांनी वाचनालयातून आणलेली पुस्तकं कुकरच्या शिट्ट्यांमध्ये वाचून झालेलं. वाचायची भीती गेली, लिहायची आहे. पण बोलायला समोर माणूस लागतो, आणि तो जुलैत गेला.

दुपारी तीनच्या सुमारास इंद्रायणीचा फोटो आला. तिचा म्हणजे तिनं काढलेला. एक दगडी धक्का सरळ समुद्रात गेलेला, दोन्ही बाजूंना कठडा नाही. खाली लिहिलं होतं, "आई, शेवटपर्यंत चालत गेले. हिवाळ्यात इथं असा वारा सुटतो की पूर्वी लोकांना धरायला रस्त्यावर दोऱ्या बांधायचे."

इंद्रायणी आमची एकुलती एक. इटलीच्या अगदी कडेला त्रिएस्ते नावाचं शहर आहे, समुद्राला चिकटून. तिथं ती भूशास्त्र शिकते. भूकंप कसे होतात ते. जाऊन दीड वर्ष झालं. पण आता गेल्या महिन्यापासून तिला फिरायचा नाद लागलाय. कधी धक्का, कधी बाग, कधी समुद्राकाठचा चौक. फोटो येतो, खाली दोन ओळी येतात.

मी रागावले आहे की नाही ते मलाच कळत नाही. बाप जाऊन वर्ष झालेलं नाही. इथं आठ महिन्यांत घरात गोडधोड शिजलं नाही, मी कुणाच्या लग्नाला गेले नाही, संक्रांतीला कुणाकडे वाण घ्यायला गेले नाही. आणि ती समुद्र बघत फिरते. मग वाटतं, चोवीस वर्षांची पोर, तिनं काय खोलीत कोंडून घ्यावं? परत वाटतं, हो, थोडं घ्यावं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

८ मार्च, रविवार

आज पाणी आलं, पाचव्या दिवशी. मी भांडी लावत होते तेवढ्यात सुबोध भावजी आले. हे माझे धाकटे दीर, बँकेत आहेत, जुळे सोलापुरात राहतात. ह्यांना अग्नी त्यांनीच दिला, तेरा दिवसांचं सगळं त्यांनीच केलं.

"वहिनी, बादली ठेवा खाली. महत्त्वाचं बोलायचंय."

"पाणी जाईल ना."

"मग मी भरतो, तुम्ही बसून ऐका."

पँट गुडघ्यापर्यंत वर करून ते पिंप भरायला लागले आणि भरता भरता बोलले. इंद्रायणीला स्थळ आलंय. मुलगा हृषीकेश, इंजिनियर, पुण्यात नोकरी, घर इथंच विजापूर रोडला. आई शाळेत शिक्षिका होत्या. माणसं चांगली.

"तिची परीक्षा होऊ दे, मग बघू," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्हाला काय सांगायचं? दादाचं वर्ष व्हायच्या आत लग्न झालं तर झालं. नाहीतर तीन वर्षं हात लावता येत नाही. यंदा अधिक महिना आहे, त्यामुळं वर्षश्राद्ध ऑगस्टात जातं. पण त्याचा उपयोग काय? अधिकात लग्न करत नाहीत, मागून येणाऱ्या ज्येष्ठात पहिल्या अपत्याचं करत नाहीत, पुढं चातुर्मास. सतरा मेच्या आत उरकायला पाहिजे."

"आणि शिक्षण?"

"राहिलेलं इथून करील की. हल्ली सगळं ऑनलाइन होतं."

"भूकंप पण?"

ते हसले नाहीत. मीही गमतीनं विचारलं नव्हतं.

त्यांचं चुकीचं काही नाही. माझ्या थोरल्या मावशीच्या मुलीचं असंच झालं होतं. तीन वर्षं थांबली आणि पुढं स्थळंच येईनात. मला तीन वर्षं म्हणजे सत्तावीस, हा हिशेब करायला वेळ लागला नाही.

जाताना भावजी म्हणाले, "ते समुद्राचे फोटो तेवढे ग्रुपवर टाकू नका." मी टाकले होते. धक्क्याचा फोटो. त्यावर धाकट्या जाऊबाईंनी लिहिलं होतं, "मज्जा आहे बाई एका माणसाची!" मला सांगायचं होतं की माझी मुलगी समुद्राकाठी शिकते. त्यांनी वाचलं की फिरते. आणि खरं सांगायचं तर मीही तेच वाचत होते.

१० मार्च, मंगळवार

आजचा फोटो अजब. समुद्रकिनाऱ्यावर एक पांढरी भिंत, पार पाण्यात गेलेली. भिंतीच्या एका बाजूला बायका आणि पोरं आंघोळ करतात, दुसऱ्या बाजूला पुरुष. शंभरावर वर्षं झाली म्हणे, आणि बायकाच ती पाडू देत नाहीत. इंद्रायणीनं लिहिलंय, "आज थंडीत चारच म्हाताऱ्या होत्या. एकीनं मला संत्रं दिलं."

खालच्या मजल्यावरच्या श्रीदेवीला दाखवला. ती अक्कलकोटकडची, कडक भाकऱ्या करून विकते. पीठ लागलेलं बोट मागं ठेवून तिनं फोटो पाहिला.

"अय्यो! हे तर आमच्या तळ्यावरचा बायकांचा घाट झाला की ताई. ह्याला इमानात बसून कशाला जायचं?"

"तिथं भिंत आहे गं."

"आमच्यात भिंत नव्हती, आजी होती. कुणी बाप्या वळून बघितला की दगुड." मग जरा वेळानं म्हणाली, "पोरगी एकटीच बसती व्हय तितं? एका बी फोटूत मैत्रीण दिसंना."

ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी उत्तर पाठवलं होतं की संत्रं धुऊन खा.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

यंदा गुढी नाही. समोरच्या सगळ्या गॅलऱ्यांत गुढ्या, आमची काठी मोरीत उभी.

हृषीकेशच्या आईंचा फोन आला. बोलणं साधं, आवाज मवाळ. "मुलीचा एखादा फोटो पाठवाल का? साडीतला मुद्दाम काढलेला नको. रोजचा, साधा." मी हो म्हटलं आणि फोनमध्ये शोधायला बसले. जुलैनंतर तिच्या चेहऱ्याचा एकही फोटो नाही. समुद्र आहे, बाक आहे, कॉफीचा कप आहे, खांबावर बसलेला पांढरा पक्षी आहे. ती कुठंच नाही. व्हिडिओवर बोलताना दिसते ती कानावर ओढलेल्या लोकरीच्या टोपीत. थंडी आहे म्हणते.

काल वाचनालयात जाऊन नकाशांचं पुस्तक मागितलं होतं. मराठी नकाशात इटली आहे, त्रिएस्ते नाही. वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, साधारण इथं असेल. मी तिथं बोट ठेवलं. माझ्या बोटाखाली तीन देश आले. माझी मुलगी त्यातल्या कुठल्या बाजूला बसून संत्रं खाते, ते मला बोट उचलूनही कळलं नाही.

२४ मार्च, मंगळवार

आज समुद्रातल्या खडकावरचा पांढरा किल्ला आला. एका राजपुत्रानं स्वतःला आणि बायकोला राहायला बांधला, पण दोघांना तिथं फार दिवस राहायला मिळालं नाही, असं तिनं लिहिलंय. मी लिहिलं, "किल्ला छान. आता तुझा फोटो पाठव. चेहऱ्याचा. टोपी काढून."

बराच वेळ काही नाही. मग आला.

मी आधी ओळखलंच नाही. केस नाहीत. म्हणजे आहेत, बोटभर, कानाच्या वर. तिची वेणी कंबरेच्या खाली जात होती. बारावीपर्यंत मी घालून देत होते. लगेच फोन लावला.

"केस कधी कापलेस?"

"जुलैत."

"एवढे बारीक?"

"तेव्हा तर काहीच नव्हते. आता वाढलेत."

"उवा झाल्या होत्या का?"

ती हसली. किती महिन्यांनी हसली असेल. हसता हसता मध्येच थांबली. "नाही गं आई."

"मग?"

"वाऱ्यानं त्रास होतो."

दोऱ्या बांधायचा वारा हिवाळ्यातला, असं तिनंच लिहिलं होतं. मग जुलैत कसला त्रास? तिथं अशी पद्धत असेल, किंवा वसतिगृहात केस धुवायला गरम पाणी मिळत नसेल. विचारलं असतं, पण तिनं क्लास आहे म्हणून ठेवून दिला.

हृषीकेशच्या आईंना जुना वेणीचा फोटो पाठवला. म्हणजे मी खोटं बोलले का? फोटो तिचाच आहे.

२५ मार्च, बुधवार

श्रीदेवीला नवा फोटो दाखवला. म्हटलं, बघ, काय करून घेतलंय. तिनं या वेळी हात धुऊन पुसून फोन हातात घेतला.

"कधी काढलं म्हणली?"

"जुलैत."

तिनं फोन माझ्या हातात परत दिला. "ताई, पोरगा असता आन् त्यानं काढलं असतं, तर का काढलं म्हणून इचारलं असतं का तुमी?"

एवढं बोलून ती तव्यावरची भाकरी बघायला आत गेली. मी जिन्यात उभी राहिले.

भावजींनी केस काढले होते. इंद्रायणी इथं नव्हती. मीच तिला फोनवर म्हटलं होतं, येऊ नकोस. दोन दिवस लागतील, इथं तेवढं थांबता येत नाही, तू राहिलेले पेपर दे. ती म्हणाली, बरं. तेव्हा तिचं ते बरं मला शहाणपणाचं वाटलं होतं.

श्रीदेवीला काय म्हणायचं होतं ते कळल्यासारखं वाटतं आणि नाही असंही वाटतं. मुली असं करत नाहीत. आमच्याकडे कुणी केलेलं मी पाहिलं नाही, कुठं वाचलेलंही नाही. मग तिला कुणी सांगितलं असेल? तिथल्या कुठल्या दुकानात जाऊन, कुठल्या भाषेत तिनं हे मागितलं असेल?

४ एप्रिल, शनिवार

इंद्रायणीचा सकाळीच फोन. "आई, काकांना हो म्हणून सांग."

"कशाला हो?"

"लग्नाला."

मी गॅस बंद केला. "त्या मुलाशी बोललीस?"

"एकदा. बरा वाटला. भांडायचा नाही असं वाटतं."

"आणि शिक्षण?"

"काका म्हणतात बघू."

"काका काय म्हणतात ते मला माहीत आहे. तू काय म्हणतेस?"

"मला घरी यायचंय."

मला आनंद झाला. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढं कधी तरी मी हे नाकबूल करीन. मी तिच्या खोलीतल्या चादरी काढून धुवायला टाकल्या, आज पाण्याचा वार नसताना. ती घरी येणार. पुण्याला गेली तरी पुणं चार तासांवर. तिच्यासाठी शेंगाची चटणी कुटायला घ्यायची, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

मग दुपारी वाटलं, दीड वर्षापूर्वी हीच पोर शिष्यवृत्तीचं पत्र घेऊन घरभर नाचली होती. हे म्हणाले होते, आपल्या घराण्यात समुद्राच्या पलीकडे गेलेलं हे पहिलंच पाऊल. ती लग्नाला हो म्हणाली की घराला हो म्हणाली, ते मला कळेना.

६ एप्रिल, सोमवार

कार्यालय ठरलं. दहा मे. भावजींनी दोन दिवसांत सगळं केलं. जाऊबाई फोनवर, "बघा वहिनी, फिरून फिरून शेवटी शहाणी झाली की नाही?" मी म्हटलं, झाली. फोन ठेवल्यावर उगीच चिडचिड झाली. कुणावर, ते कळलं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

आज जयंतीची सुट्टी, वाचनालय बंद, रस्त्यावर दिवसभर मिरवणुका. मी घरातच. दोन वाजता फोटो आला. डोंगरावरचं उंच दीपगृह, वर पंख पसरलेली बाई. "इथून सगळं शहर दिसतं आई. आमचं कॉलेजसुद्धा."

फोटोची वेळ बघताना सहज नजर फ्रिजकडे गेली. तिथं मी फेब्रुवारीत तिच्याकडून फोनवर लिहून घेतलेला कागद लावलाय, तिच्या तासांच्या मध्ये मी फोन करू नये म्हणून. मंगळवार, नऊ ते बारा. गुरुवार, नऊ ते बारा. आता तिकडं उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढं केलंय, म्हणजे आपले साडेबारा ते साडेतीन. दोन वाजता ती वर्गात असायला हवी. दीपगृहावर कशी?

एखाद दिवस सुट्टी असेल. म्हणून मागचे सगळे फोटो वर सरकवत पाहिले. किल्ला, मंगळवार. भिंत, मंगळवार. धक्का, मंगळवार. पक्षी, गुरुवार. बाक, गुरुवार. रविवारचा एकही नाही. माणसं फिरायला रविवारी जातात.

एवढे दिवस मी फोटोतला समुद्र पाहिला, वार पाहिला नाही. ह्यांनी पहिल्या दिवशीच पकडलं असतं. हजेऱ्या तपासण्यातच त्यांची सगळी नोकरी सरली.

आता विचारायचं कसं? रागावून विचारलं तर खोटं बोलेल. प्रेमानं विचारलं तरी खोटं बोलेल, तिला ते जमतं, माझ्यावर गेली आहे.

१६ एप्रिल, गुरुवार

मुद्दाम एक वाजता फोन केला. वर्गात असली तर उचलणार नाही, एवढंच बघायचं होतं. न उचलावा म्हणून मी देवापुढं उभी राहून लावला.

पहिल्या रिंगला उचलला. मागं पक्षी ओरडत होते.

"तास नाही का आज?"

"आहे."

"मग?"

पाण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "इंदू, मी ओरडणार नाही."

मग तिनं सांगितलं. सांगितलं तसं लिहिते. पंधरा जुलैला, हे गेले त्या दिवशी, ती परीक्षा देत होती, फोन बंद. पेपर देऊन जिना उतरताना फोन चालू केला, त्यात काकांचे सतरा फोन आणि माझा एक. वळणावर उभी राहून तिनं मला फोन लावला. मी सांगितलं ते तिनं तिथं ऐकलं. शरद ऋतूत तिचे तास दुसऱ्या इमारतीत होते, ते झाले. फेब्रुवारीपासून हा विषय परत त्याच इमारतीत. मंगळवारी आणि गुरुवारी ती वेळेवर निघते, डबा घेते, पायऱ्यांपर्यंत जाते. मग पाय उचलत नाही. मग जी पहिली बस येईल तिच्यात बसते आणि जिथं उतरेल तिथला फोटो मला पाठवते.

"फोटो कशाला पाठवतेस मग?"

"तुला वाटावं मी मजेत आहे."

मला तसंच वाटलं होतं. मला तसं वाटलं म्हणून मी रागावले होते.

"अजून किती दिवस चालेल असं?"

"आणखी दोन तास चुकले तर परीक्षेला बसू देणार नाहीत. मग शिष्यवृत्ती जाईल. म्हणून म्हटलं लग्न करून टाकू. नापास होऊन आले तर लोक बोलतील. लग्नासाठी आले तर कुणी काही विचारणार नाही."

१७ एप्रिल, शुक्रवार

स्वयंपाक केला नाही. काल रात्रीचा भात फोडणीला टाकला.

मला ती घरी हवी आहे. हे कुणी बघणार नाही म्हणून स्पष्ट लिहिते. हे गेल्यापासून मी एका ताटात जेवते आणि एका ताटाची भांडी घासते. ती आली तर घरात दोन आवाज होतील. मी नुसती गप्प बसले तरी दहा मेला ती इथं उभी असेल. काही करायची गरज नाही. मुलगा चांगला आहे. सगळे म्हणतील, यशोदानं वेळेत केलं.

आणि तो जिना तिथंच राहील. पुण्यात, सासरी, पन्नासाव्या वर्षीसुद्धा ती त्याच्या खाली उभी असेल.

की हे मी उगीच मोठं करतेय? लाखो मुली शिक्षण सोडतात, मीही सोडलं. मेले नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं. हिला विचारणारी मी आहे.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय्य तृतीया

सकाळी ह्यांच्या नावानं करा भरून ठेवला, मातीचा, वर आंबा. त्यानंतर आधी हृषीकेशला फोन केला. भावजींच्या आधी, कारण त्याचा यात काही दोष नाही. मी पाठ केलेलं सगळं बोलले, की मुलीचं शिक्षण पुरं होईतो आम्ही थांबतोय, राग धरू नका.

तो म्हणाला, "काकू, एक सांगू? इंद्रायणींनी मला एकच प्रश्न विचारला होता. लग्नानंतर काही महिने आईकडे राहिलं तर चालेल का. मी चालेल म्हटलं. पण मलाही जरा कोडंच पडलं होतं." पुढं म्हणाला, "आईला मी सांगतो. तुम्ही नका सांगू."

असा मुलगा. दिवसभर मला चुटपुट लागून राहिली.

अकराला भावजी आले, हातात पत्रिकेचे नमुने. मी पन्हं पुढं ठेवलं आणि सांगून टाकलं. जिन्याचं सांगितलं नाही. ते तिचं आहे.

"वहिनी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? कार्यालय बोललोय मी. चार लोकांना शब्द दिलाय."

"मला माहीत आहे."

"तीन वर्षं थांबावं लागेल आता."

"थांबू."

"सत्तावीसची होईल ती!"

"होईल."

"दादा असता तर..."

"भावजी, हे असते तर घाईच नसती." माझा आवाज चढला. ह्यांच्या माघारी पहिल्यांदाच.

ते नमुने गोळा करायला लागले. एक खाली पडला, तो मी उचलून दिला. "लोक विचारतील त्यांना मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा. म्हणावं, वहिनीला पोरगी परदेशात फिरवायची हौस आहे."

पन्हं तसंच ठेवून गेले. जाऊबाईंनी हे ऐकलं की काय होईल ते मला माहीत आहे. ज्या माणसानं ह्यांना खांदा दिला, अग्नी दिला, माझं पाणी भरलं, त्याला मी रिकाम्या हातानं उन्हात पाठवलं. बरोबर केलं का? आत्ता बरोबर वाटतंय. संध्याकाळी काय वाटेल सांगता येत नाही.

दुपारी इंद्रायणीला सांगितलं, लग्न मोडलं. ती रडली. मग म्हणाली, "का केलंस?" मी म्हटलं, "मंगळवारी मी फोनवर असेन. वर जाऊ."

"तू काय करणार आहेस फोनवर?"



२१ एप्रिल, मंगळवार

काय बोलायचं ते काल कागदावर लिहून काढलं होतं. सव्वाबाराला तिचा फोन आला, चेहरा दिसत होता, टोपी नव्हती. मागं पिवळी इमारत.

"चल," मी म्हटलं.

तिनं फोन हातात सरळ धरला, त्यामुळं मला तिच्याऐवजी पायऱ्या दिसायला लागल्या. दगडी, मधोमध झिजलेल्या. मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी वर जात होती. आठ-दहा पायऱ्या चढली, मग एक वळण आलं, खिडकी, खिडकीत पाण्याची बाटली कुणी विसरलेली. तिथं थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

कागद माझ्या मांडीवर होता. त्यातलं एक अक्षर बोलले नाही. म्हटलं, "इंदू, मी तुला येऊ नकोस म्हणाले, ते चुकलं माझं."

"आई, इथं नको ना."

"इथंच. इथंच ऐकलंस ना तू ते?"

ती खाली बसली. फोन कुठंतरी पायाशी ठेवला असावा, मला नुसतं छत दिसत होतं, तडे गेलेलं. ती रडत होती, आणि मीही, पण मी आवाज केला नाही. किती वेळ गेला माहीत नाही. कुणी तरी येऊन तिच्याशी त्यांच्या भाषेत बोललं, बाईचा आवाज. इंद्रायणीनं काहीतरी उत्तर दिलं, त्यात मला फक्त मम्मा एवढं कळलं. मग छत हललं, परत पायऱ्या दिसल्या, या वेळी भराभर.

"ठेवते आई," ती म्हणाली, आणि ठेवला.

मी बसून राहिले. एक वाजला. दोन वाजले, फोटोची वेळ. आला नाही. श्रीदेवी वर आली. "आज कुटला समुद्र ताई?"

"आज नाही आला."

"मग बरं झालं का वाईट झालं?"

"माहीत नाही."

वर्गात गेली असेल. नाहीतर मागच्या दारानं उतरून बस पकडली असेल आणि मला कळू नये म्हणून फोटो काढला नसेल. दोन्ही होऊ शकतं. श्रीदेवी माझ्याजवळ बसून राहिली, तिच्या भाकऱ्यांचं गिऱ्हाईक खालून हाका मारत होतं तरी.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला.

मी विचारलं, काय शिकवलं आज? ती सांगायला लागली. जमिनीच्या पोटातून भूकंपाच्या दोन लाटा येतात म्हणे. एक लवकर येते, ती हलकी. दुसरी मागाहून येते, सावकाश, आणि पडझड करते ती दुसरी. मला निम्मंच कळलं. मी हं, हं म्हणत राहिले. मग काहीतरी विचारावं म्हणून विचारलं, "पहिली येते तेव्हा माणसं काय करतात?"

"बहुतेकांना कळतच नाही काही आलं म्हणून. कुत्री भुंकतात नुसती."

ती अर्धा तास बोलत होती. एवढी ती तिथल्या कॉलेजात पहिल्यांदा गेली त्या दिवशी बोलली होती. मग मी विचारलं, जेवलीस का? डबा तसाच आहे म्हणाली. आता ठेव आणि जेव, म्हटलं. गुरुवारचा तास किती वाजता आहे ते मला माहीत होतं, तरी परत विचारलं, आणि तिनं सांगितलं.